सदबाचा भाव

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघानं दोन तरणे फॉरवर्ड पलीकडच्या तालमीला दिले आणि बदल्यात चाळिशीला टेकलेला सदबा घेतला. सदबाचे गुडघे कुरकुरायचे, पण त्याचा पास अर्ध्या मैदानावरून बरोबर गड्याच्या पायात पडायचा.

तालमीचे अध्यक्ष आमदार रणधीरराव सत्तरीकडे झुकलेले. भर सभेत ते प्रशिक्षक दस्तगीरमास्तरांवर कडाडले, "एका म्हाताऱ्यापायी दोन पोरं घालवलीत? हा आतबट्ट्याचा व्यवहार मला पटवून द्या, नाहीतर तुम्ही आणि तुमचा म्हातारा, दोघंही चालू लागा!"

सदबा मान खाली घालून बुटाची नाडी सोडू लागला.

मास्तरांनी हात जोडले. "साहेब, मला खेळ कळतो, भाव कळत नाही. म्हणून तुमच्याकडं बघून ठरवला."

"माझ्याकडं?"

"व्हय. गेल्या निवडणुकीला तुम्ही पलीकडच्या पक्षातनं आलात, तेव्हा दोन तरण्या कार्यकर्त्यांना घरी बसवून पक्षानं तुम्हाला तिकीट दिलं. मला वाटलं, हाच चालू दर असंल. पक्षाला महाग पडलं असलं तर सांगा, सदबाला आत्ता परत धाडतो."

रणधीररावांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना चहा सांगितला. पहिला कप सदबाला.