यंत्रातल्या अक्षता

एका गावात बावीस विहिरी होत्या आणि त्यांचे पाणी मोजणारा एक माणूस होता. त्याचे नाव अंबादास कुलथे. पाटबंधारे खात्यात त्याची सारी नोकरी मोजमाप करण्यात गेली होती. निवृत्त होऊन गावी आल्यावरही हाताची सवय सुटली नाही. दर गुरुवारी सकाळी तो हातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी घेऊन निघे. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा होता. गोळा विहिरीत सोडायचा, पाण्याला टेकल्याचा आवाज ऐकायचा आणि काठापर्यंतच्या गाठी मोजायच्या. एवढेच काम. पण त्याने एकही गुरुवार चुकवला नव्हता.

घरी येऊन तो आकडे संगणकात भरी. संगणक त्याच्या मुलीचा होता. ती नोकरीसाठी परगावी गेली, तिथे तिने नवा घेतला आणि हा जुना वडिलांकडे राहिला. आकड्यांचा तक्ता कसा करायचा, त्यावरून आलेख कसा काढायचा, हे अंबादास चुकतमाकत स्वतःच शिकला. शिकल्याचा त्याला इतका आनंद झाला की, आकडे आत भरले की तो वहीतले पान फाडून चुलीत टाकी. आता कागदाची गरज काय, असे त्याला वाटे. अशी सात वर्षे गेली.

त्या आलेखाला गावात मान होता. पूर्वी दिवाळी झाली की पाण्यावरून भांडणे सुरू होत. कुणाच्या मोटारीने कुणाची विहीर आटली, यावरून भावाभावांत बोलणे बंद होई. आलेख आल्यापासून ते थांबले. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत अंबादास तो भिंतीवर लावी. यंदा पाणी किती आहे, गेल्या वर्षांत किती होते, हे सगळ्यांना दिसे, आणि उन्हाळी पीक किती एकरांवर घ्यायचे ते बसून ठरे.

म्हणूनच अंबादासला त्या यंत्राबद्दल फार आदर होता. त्याची बायको कौसल्या हिने संगणकाला जाड कापडाची, वेलबुट्टीची खोळ शिवली होती. धूळ जाऊ नये म्हणून यंत्र चालू असतानाही ती खोळ तशीच असे, फक्त बटणापुरती वर सरकवलेली. दर खंडेनवमीला विळा, कोयता आणि दोरीबरोबर संगणकाचीही पूजा होई. अंबादास खोळ काढी, यंत्राच्या डोक्यावर हळदकुंकू वाही, झेंडूचे फूल ठेवी आणि मूठभर अक्षता टाकी. यंत्राच्या डोक्यावर हवा खेळण्यासाठी जाळी होती. ती जाळी कशासाठी आहे, याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

संगणक हळूहळू मंदावत गेला. बटण दाबून अंबादास आंघोळीला जाई, चहा घेई, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. वय झाले त्याचे, असे तो म्हणे आणि वाट पाही.

यंदा मात्र खंडेनवमीनंतर यंत्र चालता चालता आपोआप बंद पडू लागले. आधी तासाने, मग अर्ध्या तासाने. ग्रामसभा शुक्रवारी होती. त्याआधीच्या रविवारी तो आलेख काढायला बसला, तर दहा मिनिटांत पडदा काळा झाला. पुन्हा लावला, पुन्हा काळा. सात वर्षांचे पाणी त्या डब्यात होते आणि बाहेर त्याची एक ओळही नव्हती. अंबादास खुर्चीत तसाच बसून राहिला. चुलीत गेलेली पाने त्याला एकेक करून आठवली.

सोमवारी त्याने तालुक्यातल्या एका दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, घेऊन या, सगळे पुसून नव्याने टाकतो, अर्ध्या तासात घोड्यासारखा पळेल. पुसायचे म्हणजे आतले आकडेही जाणार का, असे अंबादासने विचारले. ते जाणारच, दुकानदार म्हणाला, पण वेग बघा. अंबादासने फोन ठेवला.

तेव्हा कौसल्या म्हणाली, “सुमित्राक्कांना विचारा की.”

सुमित्रा घोडके ही गावातली शिलाई मशिने दुरुस्त करणारी बाई. पन्नाशीची होती, बोलणे कमी. शिलाई मशिने उघडता उघडता ती रेडिओ उघडायला शिकली, आणि मग एक बिघडलेला संगणक हाती लागला तेव्हा तोही वर्षभर उघडत-लावत राहिली. काय बिघडले होते आणि काय केले, ते ती प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवी. अंबादास तिला मनातल्या मनात शिलाई मशिनवाली समजत होता. तरी तो गेला.

सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “तीन दिवस लागतील, भाऊ. घाई असेल तर तालुक्याला न्या.”

“शुक्रवारी सभा आहे, अक्का.”

“मग उद्या सकाळी येते. तोवर बटण दाबू नका. थकलेल्याला उगाच उठवू नये.”

मंगळवारी ती आली. तिने सर्वांत आधी वेलबुट्टीची खोळ काढली, घडी घातली आणि कौसल्येच्या हातात दिली. काम फार सुरेख आहे, पण हे यंत्राला भर उन्हात घोंगडी पांघरल्यासारखे आहे, असे ती हसत म्हणाली. कौसल्याही हसली. मग सुमित्राने घरातला टेबलपंखा यंत्रासमोर लावला, यंत्र सुरू केले आणि खिशातून दोन पेनड्राइव्ह काढले.

अंबादासला वाटले होते, ती लगेच वेग वाढवण्याचे काहीतरी करील. हे काय चालले आहे, असे त्याने विचारले. ती म्हणाली, आधी पाणी काढून घेते, मग विहीर उपसू. पहिल्या वेळी तक्ता सापडायच्या आतच यंत्र बंद पडले. तिने ते तासभर गार होऊ दिले. त्या तासात ती कौसल्येच्या शिलाई मशिनला तेल देत बसली. अंबादास मात्र उंबऱ्यापासून टेबलापर्यंत येरझाऱ्या घालत होता. दुसऱ्या वेळी तक्ता उघडला आणि दोन्ही पेनड्राइव्हवर उतरला. सात वर्षे, बावीस विहिरी, आणि सगळे मिळून एका फोटोएवढेही नव्हते.

“एक तुमच्या कपाटात ठेवा,” सुमित्रा म्हणाली, “आणि एक शाळेत हेडमास्तरांकडे द्या. दोन्ही एकाच घरात नकोत. आणि दर गुरुवारी दोन्हींवर नवे आकडे उतरवायचे.”

मग तिने वीज बंद केली, वायर काढली आणि यंत्राचे बाजूचे झाकण उघडले. आत वाकून पाहिले. कौसल्येकडून तिने एक ताटली आणि रंगाचा कोरडा ब्रश मागून घेतला. ब्रशने ती एकेक कोपरा हळूच झाडू लागली. ताटलीत तांदूळ पडू लागले. काही पांढरे होते, काही हळदीने पिवळे. वाळून काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. यंत्र गार ठेवणाऱ्या आतल्या पंख्याच्या पात्यांवर कुंकू आणि धूळ यांचा लेप बसला होता; तो तिने काडीने खरवडून काढला. पंख्यात अडकलेले तांदूळ निघाले, तेव्हा पंखा बोटाने ढकलताच गरकन फिरला. इतके दिवस तो फिरतच नव्हता.

सुमित्राने ताटली अंबादाससमोर ठेवली. ती पुन्हा कामाला लागली.

अंबादासने ताटलीकडे पाहिले. कौसल्येनेही पाहिले. नवरा माणूस बाहेरच्या बाईसमोर ओशाळा होऊ नये म्हणून ती पटकन म्हणाली, “माझ्याकडूनच पडल्या असतील. देव्हारा आवरताना.”

पळवाट आयती समोर होती. तांदळाचे दाणे अंबादासने बोटाने बाजूला सारले आणि सवयीने मोजले. एकशे एकोणनव्वद भरले.

“तुझ्या नाहीत,” तो म्हणाला. “सात खंडेनवम्या आहेत या. माझ्या हातच्या.” आणि थोड्या वेळाने म्हणाला, “बावीस विहिरींत दर आठवड्याला डोकावतो. याच्यात एकदाही डोकावलो नाही.”

“तालुक्याला नेलं असतं, तर सगळं पुसलं गेलं असतं,” सुमित्रा म्हणाली, “आणि तांदूळ आतच राहिले असते.”

बुधवारी तिने यंत्र सुरू केले. ते आता बंद पडत नव्हते, पण मंद होतेच. तिने आत पाहिले तर यंत्राला तीन रखवालदार होते. व्हायरसपासून राखण करणारा एक मुलीने बसवलेला. दुसरा, पडद्यावर धोक्याची सूचना आली म्हणून अंबादासने घाबरून घेतलेला. तिसरा, संगणक वेगवान करू असे सांगत आलेला. पहिला दुसऱ्याला चोर समजत होता, दुसरा तिसऱ्याला. दिवसभर ते एकमेकांचे खिसे तपासत, आणि धन्याचे काम दारात उभे राही. सुमित्राने दोघांना रजा दिली आणि एकालाच ठेवले. यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे एकोणीस कार्यक्रम होते. त्यांतले पंधरा तिने झोपवले.

पडद्याच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर पासवर्ड लिहिला होता आणि त्यालाही कुंकू लावले होते.

“एक विचारू का, भाऊ? बाहेर जाताना तुम्ही कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगता का?”

अंबादासने निमूटपणे कागद काढला. विसरायला होते म्हणून लावला होता, असे तो म्हणाला. नवा पासवर्ड चांगला लांब ठेवा, पण तुमच्याच आठवणीतला, दुसऱ्याला सुचणार नाही असा, असे सांगून सुमित्रा अंगणात जाऊन उभी राहिली. मला सांगाल का, असे कौसल्येने विचारले. अंबादासने तिच्या कानात सांगितले. ती लाजली, त्यावरून तो तिला विसरता येण्यासारखा नव्हता हे कळत होते.

शेवटचे काम सर्वांत लांबचे निघाले. यंत्रातल्या कार्यक्रमांच्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, चार वर्षे अडकून पडल्या होत्या. त्या घ्यायच्या का, असे यंत्र वारंवार विचारी. अंबादासही दर वेळी शांतपणे ‘नंतर’ हे बटण दाबी. चार वर्षांचे ते ‘नंतर’ आता एकदम पुढ्यात आले होते. सुमित्राने दुरुस्त्या सुरू केल्या आणि म्हणाली, “आता याचं ते करील. किती का वेळ लागेना, मधेच बंद करायचं नाही.”

गुरुवारी सकाळी पडद्यावर एकसष्ट टक्के होते. अंबादासने चहा घेतला. एकसष्ट. दाढी केली. एकसष्ट. उद्या सभा होती. आकडे आता सुखरूप होते, पण आलेख निघायचा होता. त्याचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत गेला. कौसल्या स्वयंपाकघरातून बघत होती. अंबादासने हात मागे घेतला, खुंटीवरची दोरी काढली आणि गुरुवार होता म्हणून विहिरींकडे निघून गेला.

बावीस विहिरी मोजून तो परतला, तेव्हा पडद्यावर नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट शांतपणे उभी होती. त्याने आकडे भरले. आलेख निघायला एक घोट चहाएवढाही वेळ लागला नाही. त्याने तो तीन वेळा काढला, केवळ पाहावे म्हणून.

शुक्रवारी सभेत आलेख भिंतीवर लागला. पाणी गेल्या वर्षीपेक्षा दोन हात खाली होते. उन्हाळी पीक तिसऱ्या हिश्श्याने कमी करायचे ठरले, आणि ते भांडण न होता ठरले. मग मागून एकाने थट्टा केली, “कुलथे, यंत्र रुसलं होतं म्हणे. काय दिलंत समजूत घालायला?”

अंबादास उठला. यंत्र जुने होते एवढे सांगून तो बसू शकला असता. पण त्याने अक्षतांची सगळी हकीकत सांगितली, एकशे एकोणनव्वद या आकड्यासकट, आणि सुमित्राक्कांनी काय केले तेही सांगितले. लोक पोट धरून हसले. हसता हसता काही जणांना आपण पुजलेल्या मोटारी आठवल्या. दुसऱ्या दिवशी चार शेतकऱ्यांनी वीज बंद करून आपापल्या पाण्याच्या मोटारींच्या पेट्या उघडल्या. एकीत कुंकवाचा थर होता, दोहोंत तांदूळ होते आणि एकीत तांदळांच्या मागे आलेली उंदरीण पिलांसह राहत होती.

पुढच्या खंडेनवमीला अंबादासने सकाळी यंत्राचे झाकण उघडले आणि कोरड्या ब्रशने आतली धूळ झाडली. पंखा बोटाने फिरवून पाहिला. झाकण लावले. मग बाहेरून हळदकुंकवाचे बोट लावले आणि फूल यंत्राच्या डोक्यावर न ठेवता समोर टेबलावर ठेवले. कौसल्येने वेलबुट्टीची खोळ तांदळाच्या डब्यावर घातली होती. तिथे ती छान दिसत होती. अक्षतांची मूठ घेऊन अंबादास अंगणात गेला आणि ती चिमण्यांना टाकली.

तात्पर्य: ज्याच्यावर आपले काम चालते, त्याला नुसते पुजून भागत नाही, वेळच्या वेळी उघडून पाहावे, निगा राखावी, आणि चूक आपली निघाली तर ती आपली म्हणावी.