रुईखेडची न सुटलेली पाळी

रुईखेडला गिरणीच्या बंद फाटकासमोर एक गल्ली आहे. संध्याकाळी आठलाच तिथे सामसूम होते. पण शेवटचा दुकानदार फळी लावण्याआधी समोरच्याला विचारतो, "पाळी सुटली का?" समोरचा म्हणतो, "अजून नाही." मग दोघांपैकी एक जण फाटकाजवळच्या मातीच्या चुलीत लाकूड सारतो आणि दोघे घरी जातात. पाहुण्यांना हसू येते. गल्लीतले म्हातारे तात्या भावसार त्यांना हसू देतात आणि मग ही हकीकत सांगतात.

गिरणी चालू होती तेव्हा दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची. भोंगा व्हायचा, केसांत कापूस घेऊन माणसे बाहेर पडायची आणि अंधारात ठेचकाळत घरी जायची. फाटकासमोर तेव्हा एकट्या ठकूबाईचे चहाचे दुकान होते. तिचा नवरा उखा गिरणीतच होता. एका रात्री लाकडे वाचवायची म्हणून तिने चूल लवकर विझवली. नेमका त्याच रात्री उखा यंत्राच्या पट्ट्यात सापडला. त्याला उचलून आणले ते जवळचे छप्पर म्हणून तिच्याच दारात. त्याने घोटभर चहा मागितला. चूल पेटेपर्यंत तो थांबला नाही.

तेराव्यानंतर ठकूबाईने मरीआईपुढे शपथ घेतली, असे सांगतात, की पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत माझी चूल कधी विझणार नाही.

रात्री उजेड दिसला की किडे येतात, आणि किड्यांमागे पाली. धंद्याचेही तसेच. त्या चुलीच्या उजेडाला आधी हरी भजीवाला आला, मग रज्जाकची पानपट्टी, मग तमाशाचा तंबू. तंबूमागोमाग पोलीसचौकी आली आणि चहाचा खप दुप्पट झाला. रात्री बाराला गल्लीत चालायला जागा नसे. रुईखेडला सूर्य दोनदा उगवतो, अशी म्हणच पडली. तालुक्याचे साहेब तपासणीला मुद्दाम संध्याकाळच्या गाडीने येत, म्हणे, आणि सकाळी त्यांना काहीच तपासवत नसे.

मग एका रात्री भोंगा झालाच नाही. मालकांनी गिरणी बंद करायचे ठरवले होते. फाटकावर गडबड नको म्हणून त्यांनी भोंग्याला वाफ देणारा बॉयलर थंड केला आणि कामगारांना मागच्या दाराने दोघे-दोघे करून सोडले. पुढे गल्लीत भजी तळून तयार, ढोलकी लावून तयार. सगळे उजाडेपर्यंत बंद फाटकाकडे बघत बसले.

तंबू आधी उठला. तमासगिरांना वारा लवकर कळतो. हरी सुरतेला गेला. चौकीसुद्धा हलली, कारण पकडायला कोणी उरले नव्हते. ज्यांनी शपथ घेतली नव्हती ते सगळे मोकळे झाले. नाशिकहून ठकूबाईची लेक सिंधू न्यायला आली. जायचे ठकूबाईलाही होते. तिने गाठोडे बांधून खुंटीला लावले होते. पण चूल कशी विझवणार?

गिरणी बंद झाली त्या रात्री नामा साळी पाळीवरच होता. तो तिच्यासमोर उभा राहिला. "मावशी, मी बाहेर आलोय की. हा बघ ना."

"तू आलास रे," ती म्हणाली. "पाळी कुठे सुटली?"

गावाने भगताला बसवले. त्याच्या अंगात येऊन मरीआई म्हणाली म्हणे, मला काय विचारता, भोंगा माझ्या हातात आहे का? नगरपालिकेने मोठ्या मनाने आगीचा बंब आणून भोंग्याऐवजी घंटा बडवली. ठकूबाईने बंबवाल्यांना चहा पाजला आणि आग कुठे लागली, म्हणून काळजीने विचारले. खरा भोंगा आणावा म्हटले, तर तो भंगारात वितळून गेला होता. सिंधू दर दिवाळीला यायची आणि गाठोड्यावरची धूळ झटकून परत जायची.

शेवटी ठकूबाईने अंथरूण धरले. तिची बाज चुलीजवळच होती, उशाशी रज्जाक. तो मागे राहिला होता, कारण त्याला जायला दुसरे गाव नव्हते. तिने विचारले, "सुटली का रे पाळी?"

रज्जाकने जन्मभर वाळकी पाने ताजी म्हणून विकली होती. एक शब्द बोलला असता, तर म्हातारी सुखाने डोळे मिटती. सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघत होती. पण 'सुटली' म्हटले की चूल विझणार, आणि फाटकासमोर वाट बघत पुन्हा कोणी उभे राहणार नाही, हे त्यालाही कळत होते.

"अजून नाही, मावशी."

"मग लाकूड सार," ती म्हणाली. तेच तिचे शेवटचे शब्द, असे सांगतात.

आजही ती चूल पेटती आहे. तिच्यावर कोणी चहा करत नाही. बाराला प्यायला असतेच कोण? एखादा शहाणा पाहुणा तात्यांना विचारतो, कुणीतरी एकदा 'सुटली' म्हणून टाकत का नाही? तात्या फाटकावरच्या गंजलेल्या कुलपाकडे बघतात.

"म्हणू की," ते म्हणतात. "आधी तिथून कुणी बाहेर तर येऊ द्या."