लाल हापसा

"अप्पा, औषधच जमिनीतून वर येतंय, मग ते माझ्या लेकीला का नको?"

विरूपाक्ष मास्तरांचा आवाज चढला होता. तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस, त्यांना अडवायची कुणाची छाती होत नसे. पण मठामागच्या हापशाच्या दांड्यावर मठाचे गुरू मन्मथअप्पा यांनी हात ठेवला होता, आणि मास्तरांचा वीस लिटरचा कॅन रिकामाच होता.

हापसा लाल रंगवलेला. म्हणजे पाणी पिण्याचं नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"डॉक्टर काय म्हणाले?" अप्पांनी विचारलं. बोलताना उपरण्याचं टोक तोंडावर धरायची त्यांची जुनीच सवय.

"शांभवीच्या दातावर पांढरा डाग आलाय. किडीची सुरुवात आहे, खड्डा पडलेला नाही, म्हणाले. गोड कमी करा, फ्लोराईडची पेस्ट वाटाण्याएवढी लावा, दात आपला आपण भरून येईल."

"मग?"

"मग काय, डोंबल! महिना झाला, डाग आहे तिथंच. वाटाण्याएवढ्यानं काय होतंय? इथल्या पाण्यात तेच फ्लोराईड भरपूर आहे. तपासणीचा कागद मी स्वतः वाचलाय. रोज पोटात गेलं की तिचे पुढं येणारे दातही पक्के होतील."

"पिऊ नका, असंही त्याच कागदावर आहे."

"ते अडाण्यांसाठी, अप्पा!"

अप्पांनी दांडा सोडला नाही.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. याच अप्पांच्या पायावर त्यांनी लेकीला घातलं होतं, आणि आज अप्पा तिला घोटभर पाणी देईनात! खरं तर राग वरवरचा होता. पाच वर्षांची पोर घास चावताना गाल धरते का, हे बघण्यात त्या बापाचा महिना गेला होता. आत नुसती भीती होती.

"सरा बाजूला," ते म्हणाले, आणि त्यांनी गुरूचा हात दांड्यावरून काढला.

असं त्या मठात आजवर कुणी केलं नव्हतं.

अप्पा बाजूला सरले. मास्तरांनी दणादण हापसा मारला. पाणी आलं, नितळ, थंडगार. कॅन काठोकाठ भरला. मास्तरांनी झाकण घट्ट लावलं.

"विरूपाक्षा, किती वर्षं येतोस इथं?"

"वीस."

"मला हसताना पाहिलंस कधी?"

मास्तर आठवू लागले. अप्पांच्या प्रवचनात माणसं पोट धरून हसत. अप्पांचं मात्र उपरणंच तेवढं हलताना दिसे...

"हापसा नव्हता तेव्हा इथं विहीर होती," अप्पा म्हणाले. "पाणी याच जमिनीतलं. त्यावरच वाढलो मी. सत्तर वर्षांत एका दाताला कीड लागली नाही."

मग त्यांनी उपरणं खाली केलं.

मास्तरांनी पाहिलं. सगळे दात तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांचे, कडा तुटलेल्या. त्यांना नजर वळवावीशी वाटली, पण वळवता येईना.

अप्पांनी उपरण्याची नीट घडी केली आणि भरल्या कॅनवर ठेवली.

"पाणी नेतोस, तर हेही ने... पोरीला लागेल."