चावणारी आई

“चूक! साफ चूक!” प्राचार्य हेरंबरावांनी टीव्हीकडे बोट रोखलं. मालिकेतला नायक झॉम्बी झालेल्या आईला गोळी न घालता, कोंडून ठेवून जेवू घालत होता.

“पण बाबा, आई आहे ती त्याची,” मुक्ता म्हणाली.

“होती! आता ओळखत नाही, लाळ गळते, अंगावर येऊन चावते. शहाण्याने असलं घराबाहेर काढावं.”

आतल्या खोलीत हेरंबरावांची आई भिंतीकडे बघत पडली होती. वर्षभर तिने कुणालाच ओळखलं नव्हतं, आणि काल ती सुनेच्या हाताला चावली होती. तिला वृद्धाश्रमात धाडायचा अर्ज टीपॉयवर होता. सही तेवढी बाकी होती.

बोलणं मालिकेचं नाही, हे येसूमावशीने ओळखलं. आपल्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे हेरंबरावांच्या आईचं, तोंड पुसून ती बाहेर आली.

“मावशी, तू मधे पडू नकोस. तुला यातलं काही कळत नाही,” म्हणत हेरंबरावांनी पेन उचललं.

“शाळा नाही पाहिली रे मी, पण तुझं बाळपण पाहिलंय,” मावशी म्हणाली. “तूही तेव्हा कुणाला ओळखत नव्हतास, लाळ गाळायचास, आणि दात आल्यावर तर तिला रक्त निघेस्तोवर चावायचास; तरी तिने तुला दाराबाहेर ठेवलं नाही.”