अण्णांबरोबर आलेली मंडळी

आमच्या मठात माझ्याइतका जुना शिष्य दुसरा नाही. दुसरा शिष्यच नाही, ती गोष्ट वेगळी.

“...म्हणजे साखर दिसणार नाही ना, बाबा?”

हे विचारत होते निवृत्तीअण्णा गायखे. माजी सरपंच. मठात येताना चपला बाहेर काढतात, रुबाब तेवढा आत आणतात.

सोमगिरी महाराजांनी त्यांना बसायची खूण केली.

अण्णांच्या गालात आतून गाठ. तंबाखूची कृपा. कॅन्सरच आहे, पण लहान आहे, कापून काढू, असं डॉक्टर म्हणालेले. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या उद्या.

“अंगारा द्या बाबा. उद्याच्या रक्तात साखर दिसायला नको.”

“साखर आहे?”

“आहे थोडी. दहा-बारा वर्षं झाली.”

“डॉक्टरला सांगितलंस?”

“तो गालाचा डॉक्टर. त्याला काय करायचीय साखर?”

मला राहवेना. म्हणालो, “बरोबर आहे अण्णा. खंडोबाचा नैवेद्य बहिरोबाला दाखवतो का आपण?”

“बघा! या धोंडिबाला कळतं!”

अण्णा खूश. मी त्याहून खूश. केलेली चेष्टा न कळणारा माणूस रोज थोडाच भेटतो.

“आणखी काय आहे?” महाराजांनी विचारलं.

“छातीत स्टेंट आहे. बाहेरून कुठं दिसते?”

“आणखी?”

“दमा. तो काय, थंडीतच येतो.”

महाराजांनी डोळे मिटले... उघडले.

“धोंडिबा, पानं मांड.”

आमच्या मठात जेवणाच्या वेळी उंबरा ओलांडून जेवढे आत येतील, तेवढ्यांची पानं मांडायची. कोण, कुठले, विचारायचं नाही. मी अण्णांचं एक पान मांडलं.

“पाच मांड.”

मी दारापर्यंत जाऊन आलो. बाहेर फक्त कुत्रं होतं.

“महाराज, अण्णा एकटेच आलेत.”

“पाच.”

मांडली. अण्णा मधल्या पानावर बसले. दोन्ही बाजूंना रिकामी पानं.

“साखरेला शिरा वाढ,” महाराज म्हणाले.

मी पळी घेऊन उभा. “तिचं पान कुठलं?”

“तिलाच विचार.”

जन्मभर गावाला मी चकवलं. आज मीच एका पत्रावळीसमोर वाकून विचारत होतो, बाई, शिरा तुम्हालाच ना?

“छातीच्या पानाला मीठ नको. दम्याला ताक गार देऊ नकोस. गाठीला पातळ वरण, तिला चावत नाही.”

मी वाढत गेलो. आपण करतोय काय, ते मला कळत नव्हतं. अण्णांनाही नव्हतं. कुत्र्याला कळत असावं, ते शिऱ्याकडे बघत होतं.

“ही काय थट्टा, बाबा?” अण्णा भडकले. “गाठीचं मी समजू शकतो. बाकीच्यांना घरी ठेवून आलोय मी.”

“कुणाजवळ?”

अण्णांनी घास उचलला.

“टेबलावर तुला भूल देतील. तेव्हा ते कुणाजवळ असतील?”

अण्णांचा घास हातातच राहिला.

मग ते बोलले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी ग्रामसभेतही ऐकलं नव्हतं, निवडणूक हरले तेव्हाही नाही.

“सांगितलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील, बाबा. म्हणतील आधी साखर उतरवा, आधी छाती दाखवा. तोवर गाठ थांबेल का? मला मरायचं नाही.”

माझ्या तोंडी आलेली चेष्टा मी गिळली.

“गाठ थांबणार नाही,” महाराज म्हणाले.

“मग? नकोच ना सांगायला?”

महाराजांनी उरलेल्या तीन पानांकडे बोट केलं. “हे थांबतील?”

मी गोंधळलो. न सांगावं तर हे, सांगावं तर ते. शेवटी मीच विचारलं, “महाराज, त्यांनी सांगायचं की नाही, एवढं तरी बोला.”

महाराज आपल्या पानावर वरणभात कालवत बसले.

अण्णांनी हात धुतला. खिशातून फोन काढला, डॉक्टरांचा नंबर शोधला. अंगठा वरच्या वर थांबला.

“पण बाबा... प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर वेगळाच असतो ना?”

“असतो की,” महाराज म्हणाले. “आणि तिरडी?”