पेटाऱ्याचं झाकण

लाकडाची बाहुलीही हाकेला ओ द्यायची, तेव्हाची ही गोष्ट. बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या बाबलच्या पेटाऱ्यात बारा कळसूत्री बाहुल्या राहायच्या. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांची नावं कोरलेली होती, आणि खेळात कोणाच्या हाकेला कोणी यायचं तेही. बाबल झाकणावरचं नाव वाचायचा, ती बाहुली ओ द्यायची, मगच तिच्या दोरीत जीव यायचा.

राजाच्या बाहुलीला हे झोंबायचं. "नाचायचं आम्ही, आणि हे फुकटं लाकूड आमच्या डोक्यावर!"

झाकण म्हणालं, "राजेसाहेब, माझं काम एवढंच. तुम्ही कोण ते लक्षात ठेवायचं."

राजाने गुपचूप वाळवीला बोलावलं. आठवडाभरात तिने एकूणएक अक्षर फस्त केलं.

जत्रेत बाबलने पेटारा उघडला. कोऱ्या झाकणावरून हात फिरवला. मग वाकून त्याने थेट राजाच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाबल, मी इथे आहे!" राजा ओरडला.

"रिकामाच की हा पेटारा," बाबल पुटपुटला आणि त्याने झाकण लावलं.

अंधारात शेजारून बारीक आवाज आला, "कोण रे तू?"

राजाने तोंड उघडलं. नाव काही केल्या आठवेना. मग त्यानेही हळूच विचारलं, "आणि तू कोण?"