उलट्या वाऱ्याचं पीक

"बाबा, या किनाऱ्याची खरी संपत्ती कोणती?"

प्रश्न हाच होता का, याची नरहरपंतांना आता खात्री वाटत नाही. या वयात जगलेलं आणि वाचलेलं एकमेकांत मिसळतं. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ते लामू बेट, दाराबाहेरचा दगडी कट्टा आणि त्यावर बसलेले सालिम फकीर, एवढं तरी पक्कं असावं.

नरहर तेव्हा भूगोलाचा तरुण प्राध्यापक होता. त्याला परत नेणारं गलबत रत्नागिरीला जायचं होतं आणि वारा रत्नागिरीकडूनच येत होता. घरी बायकोचे दिवस भरत आलेले.

फकीर खलाशांकडून शिकलेल्या हिंदुस्तानीत म्हणाले, "मास्तर, शिकलेले तुम्ही. तुम्हीच सांगा."

"खारफुटीचे वासे. खोबरं. हस्तिदंत."

"ते तर गलबतात बसून जातं. इथे काय उरतं?"

"वाट पाहणं!" नरहर उसळला. "दुसरं पिकतं काय इथे?"

फकीर हसले. "आत्ता बरोबर बोललात."

…

समोरच्या घरातून म्हातारी जुवेरियाबाई मासे आणि नारळीभात घेऊन आली. तिथली रीतच होती : अडकलेला परदेशी ज्या घराच्या वाट्याला येईल, त्या घराने वारा फिरेपर्यंत त्याला जेवू घालायचं. नरहर रोज जेवत होता. मान वर न करता.

"बाई, तुझे आजोबा कुठले गं?" फकिरांनी तिच्या भाषेत विचारलं; तिची उत्तरं ते नरहरला हिंदुस्तानीत सांगत गेले.

"मस्कतचे. वारा फिरायची वाट बघत बसले होते."

"आणि आजी?"

"ती त्यांना जेवण नेऊन द्यायची!" म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

फकीर नरहरकडे वळले. "मास्तर, वारा आला म्हणून माल आला. वारा फिरेना, म्हणून ही माणसं झाली."

…

नरहरने ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. "आई, फार उपकार झाले," तो म्हणाला. मराठीतच. तिला कळलं असावं.

"आणि तुम्ही, बाबा? कधीपासून इथे?"

"मी? मी वाऱ्याची वाट पाहतोय."

नरहर घरी पोचला तेव्हा मुलगी मान धरू लागली होती. तिला घेऊन तो बराच वेळ नुसता बसून राहिला.

बऱ्याच वर्षांनी त्या गलबताचा नाखवा भेटला. नरहरपंतांनी खात्री करून घेतली : होय, सालिम फकीर अरबस्तानातून एका हंगामापुरतेच आले होते. नाखवा दर वर्षी त्यांना विचारायचा, "बाबा, वारा फिरला. चलता?"

"थांब रे, अजून जेवण व्हायचंय."